अंगणातल्या कुंड्या : होळीआधी लावा, मृगापर्यंत जगवा



हरभरा काढणीला आला, गहू पिवळा पडू लागला आणि बांधावरचा पळस फुलला, की समजावे थंडी सरली. या दिवसांत शेतातला ताण थोडा हलका होतो. घरातल्या बायामाणसांना अंगणात चार कुंड्या लावाव्यात, तुळस नव्याने लावावी, चहाला गवती चहा असावा, पोरीबाळींच्या वेणीला मोगरा असावा असे वाटू लागते. विचार चांगला आहे. पण दरवर्षीचा अनुभव काय? फाल्गुनात लावलेल्या कुंड्या चैत्रात डोलतात, वैशाखात माना टाकतात आणि मृगाच्या पावसापर्यंत निम्म्या रिकाम्या होतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, एवढेच या पत्रकात सांगायचे आहे.

आधी पाणी मोजा, मग कुंड्या मोजा

थंड मुलखात वसंत म्हणजे बर्फ वितळून हळूहळू ऊब येण्याचा काळ. आपल्याकडे तसे नाही. आपला वसंत उन्हाळ्याचा दरवाजा आहे. होळीला लावलेल्या रोपाला पुढे तीन-साडेतीन महिने कडक ऊन काढायचे असते. विदर्भ-मराठवाड्यात तर पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो.

शेतातले पीक ओलीच्या मागे मुळे खोल नेते. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. ते दावणीला बांधलेल्या जनावरासारखे असते. पुढ्यात टाकाल तेवढेच खाणार आणि पाजाल तेवढेच पिणार. एक दिवस विसरलात तर ते स्वतः उठून कुठे जाऊ शकत नाही.

म्हणून पहिला हिशेब पाण्याचा करा. दहा इंची कुंडीला ऐन उन्हाळ्यात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागते. म्हणजे दहा कुंड्यांना रोज पाच ते दहा लिटर, बहुतेक एक कळशी. फाल्गुनापासून मृगापर्यंत साडेतीन महिने धरले तर पाचशे ते हजार लिटर पाणी झाले. ही कळशी कोण आणणार? बहुतेक घरांत ती बाईच्याच डोक्यावर असते. विहिरीने तळ गाठल्यावर आणि टँकरची वाट पाहावी लागत असताना कुंड्यांसाठी तिला एक खेप जास्त करायला लावणे बरे नव्हे. म्हणून ज्या गावात एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते तिथे चारच कुंड्या लावा, पण त्या चारही जगवा.

वेगळे पाणी न आणताही पुष्कळ भागते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवा आणि त्याच दिवशी कुंड्यांना घाला. मिठाचे पाणी मात्र नको. साबण-सोड्याचे पाणी खायच्या पानांच्या कुंडीला अजिबात घालू नका. गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते त्यात क्षार गोळा झालेले असतात. तेही सतत कुंडीला देऊ नये.

कुंडी कशाची घ्यावी?

मातीची भाजलेली कुंडी सर्वांत बरी. माठातले पाणी गार का राहते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुंडीच्या भिंतीतूनही तसेच पाणी पाझरते, उडून जाते आणि मुळे गार राहतात. तिला पाणी थोडे जास्त लागते, पण मुळे भाजत नाहीत. पत्र्याचा डबा आणि काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी चटका बसेल इतकी तापते. त्या वापरायच्याच असतील तर बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्या आणि त्या सावलीच्या बाजूला ठेवा.

विकतची कुंडीच हवी असे नाही. तळाचा फुटका माठ, गोडेतेलाचा स्वच्छ धुतलेला डबा, जुने घमेले, गळकी बादली यांपैकी काहीही चालेल. तळाला करंगळी जाईल एवढी दोन-तीन भोके मात्र हवीत.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा, कॅन, बाटली कुंडी म्हणून कधीही वापरू नका. फवारणी झाली की हे डबे गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात. डबा चांगला मजबूत दिसतो, टाकवत नाही. मग कोणीतरी तो अर्धा कापून त्यात पुदिना लावतो. दहा वेळा धुतला तरी डब्याच्या अंगात औषधाचा अंश राहू शकतो. तो मातीत उतरू शकतो आणि पानांतून लेकरांच्या पोटात जाऊ शकतो. डब्यावरच्या चौकटीतला रंग लाल असो, पिवळा, निळा की हिरवा, नियम एकच. लाल म्हणजे अति विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य, पण हिरवा म्हणजे खाण्याजोगा नव्हे. फवारणीच्या वेळीच डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे. नंतर डब्याला भोके पाडून किंवा तो फोडून असा करावा की तो पुन्हा कोणाच्या हाती वापरायला लागू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही अशी रिकामी वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे.

ट्रॅक्टर-मोटारीच्या जुन्या बॅटरीचे खोकेही वापरू नका. त्यात शिसे असते. रंगाच्या डब्यात फार तर फुलझाड लावा, खायचे पान लावू नका.

माती कशी भरावी?

नुसती काळी माती कुंडीत भरली की झाड गेलेच समजा. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, पाणी तर रोज घालतो आहोत!

म्हणून मिश्रण करा. काळी माती एक पाटी, जाडी वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक पाटी आणि पुरते कुजलेले शेणखत एक पाटी. पोयट्याची किंवा तांबडी माती असेल तर ती दोन पाट्या, वाळू एक पाटी आणि खत एक पाटी घ्या. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पाणी लवकर निघून जाते, म्हणून तिथे वाळू कमी करून खत वाढवा. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा. मातीचे मिश्रण चार-पाच दिवस उन्हात पसरून ठेवले तर फार चांगले.

शेणखत कच्चे नको. कच्च्या खताने मुळांना आच लागते. शिवाय त्यातून हुमणी येते, वाळवी लागते. खत मुठीत घेऊन पाहा. शेणाचा वास न येता पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास आला, की ते तयार झाले.

तळाच्या भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. विटांच्या तुकड्यांचा चार बोटे जाड थर मात्र घालू नका. त्याने निचरा वाढतो असा समज आहे, पण तसे होत नाही. बारीक माती पुरती भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या खड्यांत पाणी सोडत नाही. त्यामुळे थर जेवढा जाड, तेवढी चिबड माती मुळांच्या जवळ येते आणि मुळांची जागा मात्र कमी होते.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर दीड इंच जागा ठेवा, म्हणजे पाणी थांबून मुरेल.

काय लावावे?

*तुळस :* दहा इंची कुंडी. बी फार बारीक असते, म्हणून ते मातीवर भुरभुरून वर चिमूटभर माती पसरा. आठ-बारा दिवसांत उगवते. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. मंजिऱ्या येतील तशा खुडत जा. बी धरले की झाड म्हातारे होऊ लागते. बियाण्यासाठी एखादी फांदी राखली की पुरे.

*गवती चहा :* जुन्या ठोंबातून दोन-तीन फुटवे मुळासकट सोडवून घ्या. पाती वीतभर ठेवून छाटा आणि बारा इंची कुंडीत लावा. मूळ धरले की उन्हाला भीत नाही.

*पुदिना :* जमिनीलगत धावणाऱ्या फांदीचे बोटभर तुकडे आडवे लावा. पसरट घमेले उत्तम. याला वेगळी कुंडी द्या, नाहीतर शेजाऱ्याला जागा उरू देत नाही. दुपारची सावली आणि सतत ओल हवी. पाण्याची ओढ असेल तर यंदा पुदिना राहू द्या.

*पानओवा :* बोटभर जाड पानांची फांदी मोडून नुसती खोचली तरी लागते. पान जाड असल्याने पाणी साठवते. एक दिवसाआड पाणीही चालते. जास्त पाण्याने मात्र सडतो.

*कोथिंबीर :* हिला ऊन सोसत नाही. उन्हात ती पान सोडून लगेच फुलावर येते. म्हणून होळीआधीच पहिली पेरणी करा आणि पुढच्या पेरण्या सावलीत करा. धने हलके रगडून त्यांच्या दोन डाळी करा, रात्रभर भिजवा आणि सकाळी पेरा. सहा इंच खोल घमेले पुरते. दर पंधरा दिवसांनी एक घमेले पेरले तर घरच्या आमटीपुरती कोथिंबीर मिळत राहते. पाकिटातले रंगीत बी औषध चोळलेले असते. उरले तर ते मसाल्याच्या डब्यात जाता कामा नये.

*झेंडू :* माघात रोप टाकले असेल तर आता ते कुंडीत लावा. आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप. कळी दिसायच्या आत शेंडा खुडला तर फुले थोडी उशिरा पण जास्त येतात. सुकलेली फुले काढत राहा.

*मोगरा :* जुन्या झाडाची छाटणी राहिली असेल तर आता उशीर करू नका. वाळक्या व दाटीच्या फांद्या काढा, दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मोगऱ्याला भरपूर ऊन हवे. सावलीत पाने होतात, कळ्या होत नाहीत.

*सदाफुली आणि चिनी गुलाब :* उन्हाळ्यात अंगणाला रंग ठेवणारी ही दोन खरी फुलझाडे. पाणी कमी लागते. फुटक्या कुंडीतही चिनी गुलाब फुलतो.

बाजारात या दिवसांत फुलांनी भरलेली शेवंती आणि थंडीतली इतर हंगामी रोपे स्वस्तात मिळतात. ती घेऊ नका. शेवंती दिवस लहान असताना फुलते. आता दिवस मोठे होत चाललेत, म्हणजे तुम्ही विकत घेत आहात तो तिच्या बहराचा शेवट आहे.

विषारी कोणते, औषधी कोणते?

सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे काढतात हे खरे आहे. पण म्हणूनच तिची पाने साखरेच्या आजारावर चावून खाऊ नयेत. कारखान्यात मोजून-मापून काढलेले औषध वेगळे आणि झाडाचे पान वेगळे. सदाफुली विषारी आहे. कण्हेर तर त्याहून घातक आहे. जिथे लहान मुले खेळतात आणि शेळ्या बांधतात तिथे कण्हेर लावूच नका. तुळस, गवती चहा, पानओवा साध्या सर्दी-पडशाला काढ्यात घालतातच, पण ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर आरोग्य केंद्र गाठा.

पाणी कधी आणि किती?

शेतात आपण वाफसा पाहूनच औत घालतो. कुंडीलाही वाफसा असतो. मातीच्या कणांमध्ये पाणी हवे तशी हवाही हवी, कारण मुळे श्वास घेतात. सारखी चिबड राहिली की मूळ गुदमरते आणि कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड मान टाकते. मान टाकली म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड मरते. उन्हाने जशा कुंड्या जातात तशा अशा मायेनेही जातात, बरं का.

खूण सोपी आहे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज पाणी नको. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून थेंब पडेपर्यंत सावकाश पाणी घाला. रोज वरवर शिंपडण्यात अर्थ नाही. त्याने मुळे वरच राहतात आणि वरच भाजतात.

भर दुपारी पाने लवली म्हणून घाबरू नका. उन्हात पान जेवढे पाणी उडवते तेवढे मूळ पुरवू शकत नाही, म्हणून ते लवते. संध्याकाळी पुन्हा ताठ झाले तर ठीक आहे. सकाळीही लवलेलेच दिसले तर बोटाने माती पाहा आणि ठरवा. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्यावे.

विहिरीचे पाणी मचूळ असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. हे साठलेले क्षार आहेत. खपली खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा गोडे पाणी भरपूर घालून ते तळातून वाहू द्या. नाहीतर पहिल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवा, पाऊसच धुऊन काढील.

उन्हापासून राखण

कुंडी अशी ठेवा की तिला सकाळचे ऊन दहा-अकरापर्यंत मिळेल आणि नंतर भिंतीची किंवा झाडाची सावली येईल. म्हणजे घराची पूर्वेची बाजू चांगली. पश्चिमेची भिंत दिवस बुडाल्यावरही धग टाकत राहते. मोगरा, झेंडू, चिनी गुलाब मात्र जास्त ऊन मागतात.

कुंड्या सुट्या सुट्या मांडू नका, एकमेकींना चिकटून ठेवा. बाहेरच्या कुंड्या आतल्यांना सावली देतात. अंगणात जागा असेल तर कुंडी गळ्यापर्यंत जमिनीत पुरून टाका. मग पाणी बरेच कमी लागते. मातीवर दोन बोटे जाडीचे आच्छादन करा. उसाचे पाचट, शेंगांची टरफले, सोयाबीनचा भुसा, वाळका पाला यांपैकी घरात असेल ते चालते. फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

मोठ्या पिंपात किंवा टाकीत झाडे असतील तर मधोमध न रंगवलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरा आणि वर झाकणी ठेवा. मडके पाझरत राहते आणि मुळे लागेल तेवढे पाणी ओढून घेतात. दोन दिवस गावाला गेलात तरी झाडे तग धरतात.

कुंडीचा आणखी एक फायदा आहे. ती उचलता येते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाडा-विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागात उभी पिके आडवी केली. शेत काही आत घेता येत नाही, पण आभाळ भरून आले तर कुंड्या पडवीत घेता येतात.

डास आणि कीड

कुंडीखाली ताटली ठेवून पाणी साचू देऊ नका. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर ही साखळी तुटते. ताटली नुसती रिकामी करून भागत नाही, घासून काढा. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. पुरलेल्या मडक्यावर झाकणी पक्की हवी ती याचसाठी.

मावा, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी दिसला तर आधी पानाच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. तेवढ्याने आटोक्यात आला नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारा. नंतर काही दिवस पाने खुडू नका आणि खुडल्यावर स्वच्छ धुवा. कपाशीवर मारून पंपात उरलेले औषध "वाया कशाला घालवायचे" म्हणून तुळशीवर मारू नका. येता-जाता तुळशीचे पान तोंडात टाकायची आपली सवय आहे, आणि मुलांचीही.

खताचेही तसेच. कडक उन्हात युरिया टाकू नका, एवढ्याशा मातीत तो मुळे जाळतो. तीन-चार आठवड्यांनी मूठभर कुजलेले खत पुरेसे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मे महिन्यात किती पाणी मिळेल ते पाहूनच आज कुंड्या किती ते ठरवा.
२. औषधाचा डबा आणि बॅटरीचे खोके कुंडी म्हणून वापरू नका.
३. नुसती काळी माती नको, कच्चे शेण नको.
४. बोट खुपसून पाहा, मगच पाणी द्या.
५. सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि वर आच्छादन.
६. आठवड्यातून एक कोरडा दिवस.

कुंड्यांचे काम घरातल्या मुलांवर सोपवा. रोज बोट खुपसून माती पाहणारे पोर पुढे शेतातला वाफसाही चटकन ओळखील. तुमच्या अंगणात कोणते झाड उन्हाळा काढते आणि कोणते हटकून जाते, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.